भूतबंगला, केळीचा घड आणि क्रमशः कादंबरी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी वेब-कादंबऱ्यांविषयीचा लेख वाचला. जादू, राक्षस आणि दुसऱ्या जगातला पुनर्जन्म यांत रमलेली आजची मुले वास्तवाकडे पाठ फिरवतात, असा त्याचा एकूण रोख होता. मी निवृत्त मराठी शिक्षक असून जळगावात बरीच वर्षे महाविद्यालयीन मुलांना खोल्या भाड्याने देत आलो आहे. लेखकमहाशयांनी यातली एखादी विनोदी कादंबरी नेटाने वाचली असती, तर तिच्यात राक्षसांइतकीच उधारीची आणि डोक्यावरच्या छपराचीही काळजी वाहिलेली असते, हे त्यांच्या ध्यानात आले असते.

नात्सुमे आकात्सुकी यांची 'कोनोसुबा' माझ्या नातीने उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्रजी भाषांतरातून वाचून मला मराठीत सांगितली. 2012 मध्ये ती 'शोसेत्सुका नि नारो', म्हणजे साधारण 'चला, कादंबरीकार होऊ या', या जपानी संकेतस्थळावर हप्त्याहप्त्याने येऊ लागली आणि 2013 पासून पुस्तकरूपाने निघाली. नायक हा घरकोंबडा मुलगा. एका मुलीला ट्रकखालून वाचवताना आपण मेलो, अशी त्याची समजूत असते. वास्तविक तो सावकाश येणारा ट्रॅक्टर असतो आणि हा नुसत्या धसक्याने गेलेला असतो. (ट्रॅक्टरचे नाव निघताच आमच्या ओट्यावर जो हशा पिकला, तो टोकियोत पिकला असेल की नाही, याची मला शंका आहे.) दुसऱ्या जगात जाताना सोबत काय हवे असे विचारणाऱ्या देवीलाच तो रागाच्या भरात मागून घेतो, आणि पुढे ही देवी दारू पिऊन उधारी करण्यात पटाईत निघते. त्यांना येऊन मिळते एक मांत्रिक मुलगी, जी दिवसातून एकच प्रचंड स्फोट करू शकते आणि त्यानंतर अशी गलितगात्र होते की तिला पाठीवर घालून घरी आणावे लागते; आणि एक चिलखतधारी खानदानी स्त्री, जिच्या तलवारीचा घाव सहसा कुणाला लागतच नाही.

ही चौकडी आधी तबेल्यात गवतावर झोपते. पुढे थंडीच्या दिवसांत तिला एक वाडा राहायला मिळतो, कारण तो भुतांनी झपाटलेला असतो आणि भुते हुसकावण्याचे काम याच मंडळींकडे आलेले असते. मग उघडकीस येते की भुते तिथे येण्याचे कारण ही देवीच आहे. गावच्या दफनभूमीतल्या आत्म्यांना वेळोवेळी शांत करण्याचे काम तिने अंगावर घेतले होते, आणि तेवढाही कंटाळा आल्यामुळे तिने दफनभूमीभोवती मंत्राचे कुंपण घालून टाकले होते. बेघर झालेले आत्मे मग रिकाम्या घरांत शिरले. एकाने कामचुकारपणा करावा आणि बाकीच्यांनी मालकापुढे खाली मान घालून उभे राहावे, यात मला तरी वास्तवापासून पळ काढल्यासारखे काही दिसत नाही. घरमालक म्हणून मी अशा माना बऱ्याच पाहिल्या आहेत.

माझ्या वरच्या खोलीत एका वर्षी रावेरचा, साक्रीचा आणि धडगावचा असे तीन रूम पार्टनर होते. रावेरचा लेवा बोलीत "काय करू राह्यला भो?" असे विचारी, साक्रीचा तेच अहिराणीत "काय करी ऱ्हायना रे?" असे विचारी, आणि धडगावचा, ज्याची घरची भाषा पावरी, दोघांनाही प्रमाण मराठीत उत्तर देई. रावेरच्या मुलाने मे महिन्यात घरून केळीचा अख्खा घड आणून जिन्यात टांगला. तो एकदम पिकला. मग आठ दिवस त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ केळी चालली आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ तसेच पडून राहिले. पाणी येण्याच्या दिवशी मोटार लावायची पाळी कुणाची, यावरून जे रणकंदन होई, त्यात जादूचा एखादा स्फोट घातला असता तरी शेजाऱ्यांना फरक कळला नसता.

या कादंबऱ्यांत सगळेच चांगले आहे, असे माझे म्हणणे नाही. 'कोनोसुबा'त बायकांच्या अंगावरून केलेले विनोद पुष्कळ आहेत आणि ते विनोदही नाहीत. तिथे नातीने स्वतःहूनच पाने उलटली. दुसऱ्या जगाला त्यांच्याकडे 'इसेकाई' म्हणतात, आणि तो साचा आता इतका मळला आहे की पहिल्या दोन पानांत नायक मरणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. ते बाजूला ठेवूनही, बेमेळ माणसांना एका छपराखाली कोंडून त्यांच्या खोडीतूनच गोष्ट पुढे नेण्याची त्यांची हातोटी शिकण्यासारखी आहे.

आणि हप्त्यांचे म्हणाल, तर ती रीत आपल्याला नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले, त्यात कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहू लागले. म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या खान्देश पुरवणीत दर आठवड्याला अर्धे पान एखाद्या होतकरू लेखकाला द्यावे आणि त्याने धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या रूम पार्टनरांची अशीच अद्भुत, विनोदी कादंबरी क्रमशः लिहावी. त्यात हवे तर सातपुड्यातले एखादे भूत भाडेकरू म्हणून असावे. संवाद मात्र अहिराणी, लेवा, पावरी असे ज्याचे त्याच्या बोलीत असावेत. सगळ्यांना पुणेरी बोलायला लावू नये.

लेखकाला निरीक्षणासाठी जागा हवी असल्यास माझा जिना मोकळा आहे. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे यावे.

आपला नम्र,
एक घरमालक, जळगाव