चेहऱ्याचे पैसे घेता, तर चेहरा आधी दाखवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चित्रपटांतील पात्रांच्या संग्राह्य अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातापायांचे सांधे वळवता येतील अशा छोट्या प्रतिकृती, गेली सोळा वर्षे मी जमवत आहे. हा छंद खर्चिक आहे याची कल्पना मला पहिल्या दिवसापासून होती, त्यामुळे केवळ किमती वाढल्या म्हणून हे पत्र लिहीत नाही. माझी तक्रार एकाच मुद्द्याची आहे. ओळखीच्या नटाचा हुबेहूब चेहरा, याच एका गोष्टीच्या जोरावर या वस्तूंची किंमत मागितली जाते आणि नेमके त्या चेहऱ्याचेच रंगकाम सर्वांत बेभरवशाचे असते. पैसे मोजण्यापूर्वी ते पाहून घेण्याची सोय मात्र ग्राहकाला क्वचितच मिळते.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक सहा इंची फिगर आली. सात महिने आधी नोंदणी करून मी पूर्ण रक्कम भरली होती. जाहिरातीतल्या छायाचित्रात त्या पात्राची नजर इतकी जिवंत होती की मी ती फिगर त्या नजरेसाठीच मागवली, असे म्हटले तरी चालेल. खोके उघडले तेव्हा एक बुबुळ नाकाकडे आणि दुसरे कानाकडे सरकलेले दिसले. भिंगाखाली धरून पाहिले, तर उजव्या डोळ्याचा पांढरा रंग खालची पापणी ओलांडून गालावर उतरला होता, दाढीच्या तपकिरी रंगाचे बारीक शिंतोडे गळ्यावर उडालेले होते आणि कपाळावर केसांच्या कडेशी रंग पोहोचलाच नसल्याने खालच्या प्लास्टिकची फिकट पट्टी उघडी पडली होती. गुडघा एकदाच वाकवला, तेवढ्यात सांध्यावरचा रंग खरवडून निघाला आणि आतला वेगळ्याच छटेचा भाग दिसू लागला. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्यावर उत्तर आले की रंगकामातील थोडाफार फरक हा उत्पादनप्रक्रियेचा भाग असून तो दोष धरला जात नाही.

हा ‘थोडाफार फरक’ म्हणजे नक्की किती, याचा हिशेब कोणालाही करता येतो. माणसाच्या डोळ्याची रुंदी साधारण 30 मिलिमीटर असते. सहा इंची फिगर ही माणसाच्या सुमारे एक बारांश मापाची असते, म्हणजे तिचा डोळा जेमतेम अडीच मिलिमीटरचा झाला. त्यावर छपाई अर्धा मिलिमीटर सरकली, तर ती खऱ्या चेहऱ्यावर बुबुळ सहा मिलिमीटर सरकल्यासारखी दिसते. पट्ट्याच्या बक्कलवर किंवा बुटाच्या टाचेवर तेवढीच चूक झाली, तर ती शोधून काढावी लागेल. चेहऱ्यावर मात्र ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही खटकते, कारण माणसाची नजर समोरच्याचे डोळेच आधी पाहते. म्हणून रंगकामाला एकच सरसकट निकष लावणे मुळात चुकीचे आहे. चेहऱ्याचा निकष वेगळा आणि कडकच असायला हवा.

हे काम अवघड आहे, हे मला मान्य आहे. जुन्या आणि अजूनही चालू असलेल्या पद्धतीत सिलिकॉनचा मऊ गोळा कोरीव पट्टीवरची शाई उचलतो आणि ती गोलसर चेहऱ्यावर दाबून उमटवतो. याला पॅड प्रिंटिंग किंवा टॅम्पो म्हणतात. डोळ्याचा पांढरा भाग, बुबुळ, बाहुली आणि भुवई हे सगळे एकामागून एक असे वेगवेगळ्या ठशांनी येते. डोके खोबणीत किंचित तिरके बसले तरी प्रत्येक ठसा आपापल्या परीने चुकतो. साधारण 2017–18 पासून सहा इंची फिगरमध्ये चेहऱ्याची डिजिटल छपाई रूढ होत गेली. तीत नटाच्या छायाचित्रासारखी त्वचेची छटा थेट प्लास्टिकवर उमटते, त्यामुळे एका रंगाचा दुसऱ्याशी मेळ न बसण्याचा प्रश्न बराच मिटला. जवळून पाहिल्यास बारीक ठिपके दिसतात, पण तेवढे मी आनंदाने चालवून घेतो, कारण या तंत्राने खरोखरच चेहरे सुधारले. डोके मात्र अजूनही खोबणीत नीटच बसवावे लागते. ते चुकले, तर आता सगळा चेहराच एकदम सरकतो आणि कोरलेल्या पापणीवर छापलेला डोळा येतो.

कारखान्यात ओळीने बसून हे काम करणाऱ्या कामगारांना मी चुकूनही दोष देणार नाही. एका नगाला किती वेळ द्यायचा, किती रंग लावायचे आणि किती चूक खपवून घ्यायची, हे सगळे त्यांच्या हाती काम येण्यापूर्वी हिशेबाच्या कागदावर ठरलेले असते. फिगरवर जितक्या वेळा रंगाचा हात फिरतो, तितका तिचा उत्पादनखर्च वाढतो. म्हणूनच हात, बूट, कधी कधी अख्खा पोशाखही रंगीत प्लास्टिकमध्येच ओतला जातो आणि त्यावर छटा दिली जात नाही. त्वचेच्या रंगाच्या प्लास्टिकचे हात मेणासारखे चमकतात व छापलेल्या चेहऱ्याशी जुळत नाहीत, हा नेहमीचा अनुभव याच काटकसरीतून येतो.

किमतीची बाकीची कारणेही मी समजून घेतली आहेत. चित्रपटसंस्थेला परवान्याचे शुल्क द्यावे लागते आणि नटाचा चेहरा वापरायचा तर त्याची मंजुरी घ्यावी लागते. पोलादी साच्यांचा खर्च नग पाच हजार निघोत वा पन्नास हजार, तेवढाच येतो, त्यामुळे कमी खपाच्या पात्राची प्रत्येक फिगर महाग पडते. म्हणून कंपन्या एकच धड पुन्हा पुन्हा वापरतात आणि त्यावर नवे डोके बसवतात. यालाही माझी हरकत नाही. परंतु जिथे साचा जुना आहे आणि नवे फक्त डोके आहे, तिथे वाचलेल्या पैशातला काही भाग त्या डोक्याच्या रंगकामावर खर्च व्हावा, ही अपेक्षा अवाजवी आहे का? सहा इंची फिगरची एक लोकप्रिय मालिका 2013 मध्ये सुरू झाली. दहा वर्षांत तिच्या साध्या फिगरची छापील किंमत सुमारे पाव पटीने वाढली, आणि रंगाच्या तक्रारी त्याच राहिल्या. एक षष्ठांश मापाच्या, हाँगकाँगच्या हॉट टॉइजसारख्या कंपन्यांच्या फिगर कितीतरी पट महाग असतात. पण तिथे चेहऱ्यावर रंगाचे थर हाताने चढवलेले असतात आणि काही फिगरमध्ये फिरवता येणारे वेगळे डोळे बसवलेले असतात. पैसे कुठे गेले ते डोळ्यांना दिसते.

आता पाहण्याच्या सोयीविषयी. 1977 च्या नाताळात खेळणी तयार नसल्यामुळे केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’च्या फिगरऐवजी एक पाकीट विकले होते. त्यातील प्रमाणपत्र पाठवले की 1978 मध्ये फिगर टपालाने घरी येत. त्या पावणेचार इंची फिगरच्या चेहऱ्यावर डोळ्यांचे ठिपके आणि केसांचा रंग याहून फारसे काही नसे, आणि ती मुलांनी मातीत खेळण्यासाठीच केलेली असल्याने कोणाची फसगत होत नव्हती. आज मात्र जाहिरातीत दाखवला जातो तो बहुतेक वेळा निष्णात कलाकाराने हाताने रंगवलेला नमुना असतो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष उत्पादन वेगळे असू शकते’ असे लिहिलेले असते, आणि प्रौढ ग्राहक त्या नमुन्याकडे पाहून कित्येक महिने आधी पैसे भरतो.

खोक्यांचेही तसेच. खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीने 2019 मध्ये वेष्टनातील प्लास्टिक टप्प्याटप्प्याने काढण्याचे जाहीर केले आणि पुढे खोक्याला खिडकीच उरली नाही. पर्यावरणाचा तो हेतू मला आजही योग्य वाटतो, पण परिणाम असा झाला की दुकानात उभे राहूनही ग्राहकाला आतला चेहरा दिसेना. त्याआधी दुकानात एकाच पात्राची चार खोकी शेजारी ठेवून सरळ नजरेची फिगर निवडता येत असे. माझ्या संग्रहातील जुन्या फिगरपैकी बहुतेक मी अशाच निवडल्या आहेत. संग्राहकांच्या नाराजीनंतर 2023 मध्ये पुनर्वापराच्या किंवा जैविक स्रोतांच्या प्लास्टिकची खिडकी परत आली. नेटाने सांगितले की कंपन्या ऐकतात, हे त्यातून दिसले, म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा उत्साह आला.

घरपोच मागवणाऱ्याला मात्र खिडकीचा काही उपयोग नाही. त्याच्यासाठी उत्पादकांनी आगाऊ नोंदणी घेताना हाताने रंगवलेल्या नमुन्यावर तसे ठळक लिहावे, आणि माल रवाना होण्यापूर्वी कारखान्यातून निघालेल्या नगांची, एका निवडक नगाची नव्हे तर निदान चार-पाच नगांची, जवळून काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध करून त्या वेळी नोंदणी रद्द करण्याची मुभा द्यावी. डोळ्यांची छपाई सरकलेली असेल किंवा चेहऱ्यावर मूळ प्लास्टिक उघडे पडले असेल, तर तुटलेल्या हातापायाप्रमाणेच तो दोष मानावा. अशा वेळी पूर्ण फिगर परत मागवण्याचीही गरज नाही. बहुतेक फिगरची डोकी मानेच्या खुंटीवरून ओढली की निघतात, तेव्हा बदली डोके छोट्या पाकिटातून पाठवता येईल. माझ्या फिगरसाठी मी विक्रेत्याकडे तेवढेच मागितले आहे.

आपला नम्र,
एक संग्राहक