जूननंतरच्या वर्षाविषयी

दहिवडी
फेब्रुवारी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी जॅमची, म्हणजे भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा देऊन आल्यावर तू पेपराविषयी दोनच वाक्ये बोललीस आणि लगेच हिंजवडीच्या नोकरीचे सांगू लागलीस: मार्चअखेर होकार कळवायचा आहे, जूनपासून पगार सुरू होईल, मग घरी दरमहा काही पाठवता येईल. फोन ठेवल्यावर तुझ्या आईने मला एवढेच विचारले, "तिला कर्जाचे कुणी सांगितले?" त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. या विषयावर तू मला फोनवर पुरते बोलू देत नाहीस, म्हणून लिहीत आहे.

आधी कर्जाचे सांगतो. २०१८-१९ च्या दुष्काळात आपण लागोपाठ तीन बोअर घेतले, त्यांतले दोन कोरडे गेले, आणि त्यासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता तेव्हापासून माझ्या पगारातून कापला जातो आहे. येत्या जुलैमध्ये शेवटचा हप्ता जाईल. ते फेडताना तुझ्या कमाईचा आधार मी मनातसुद्धा कधी धरलेला नव्हता. तुझ्या पुढच्या दोन वर्षांच्या वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे पोस्टात ठेव म्हणून वेगळे ठेवले आहेत, त्यांना दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हात लावलेला नाही. घरच्या अडचणीपायी जूनमध्ये कामाला लागलेच पाहिजे असे तुझ्या मनाने घेतले असेल, तर ती अडचण आता राहिलेली नाही.

दिवाळीत मी तुला एमपीएससीचा अभ्यास सुरू कर म्हणालो होतो, ते आज मागे घेतो. मुलगी पुढे काय करणार असे येणारा-जाणारा विचारत होता आणि सर्वांना चटकन समजेल असे एक उत्तर मला हवे होते. त्यात तुझा विचार कमी आणि माझी सोय जास्त होती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आणि १७५० गुण. मन दुसरीकडे ठेवून तिची तयारी होत नाही. खुल्या गटाला त्या परीक्षेसाठी वयाची ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे, म्हणजे तुला पुढे कधी वाटलेच तर तो रस्ता मोकळा आहे. जॅमचे गुण मात्र याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते. दुसरा बोअर कोरडा गेला त्या दिवशी तू शाळेच्या गणवेशातच बांधावर उभी होतीस. पाणाड्याने नारळ हातावर धरून दाखवलेल्या जागी यंत्र चारशे फूट खाली गेले आणि वर नुसता पांढरा फुफाटा येत राहिला. दोन रानांपलीकडच्या चाळीस फुटी विहिरीत पाणी आहे आणि आपल्या चारशे फुटांत का नाही, असे तू मला विचारलेस. वीस वर्षे भूगोल शिकवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि त्याची खंत मला अजून आहे. पुढे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुटीत आलीस तेव्हा वहीत विहिरीचा छेद काढून तूच मला समजावलेस, की आपला बेसॉल्ट मुळात घट्ट आहे, पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात म्हणजे छिद्रे असलेल्या मऊ खडकात आणि खडकाच्या भेगांत, आणि त्या लागल्या नाहीत तर कितीही खोल गेले तरी काळ्या पाषाणात काही हाती लागत नाही. त्या दिवशी तू दोन तास बोलत होतीस. हिंजवडीच्या नोकरीविषयी परवा बोललीस तेव्हा पगार आणि बसचा मार्ग यांपलीकडे तुझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

म्हणून मला वाटते की जॅमचा निकाल मार्चमध्ये लागेपर्यंत तू कुठेही होकार देऊ नयेस. गुण चांगले आले तर आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्राचे एम.एस्सी. आहे; न आले तर पुणे विद्यापीठाच्या विभागाची प्रवेश परीक्षा उन्हाळ्यात देता येईल, किंवा तुमच्याच महाविद्यालयात ऑनर्सचे चौथे वर्ष करता येईल. यांतले कोणते, हे तुझे अध्यापक माझ्यापेक्षा नीट सांगतील. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्या जागांसाठी यूपीएससीची जी भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिला पदव्युत्तर पदवी लागते आणि वयाची साधारण मर्यादा ३२ आहे, एवढे ध्यानात ठेव. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते आहे आणि तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. एखाद्या दिवशी तिथे जाऊन प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना भेट.

हे सर्व वाचूनही नोकरीच करावी असे तुला स्वतःला वाटले, तर खुशाल कर. मी एका शब्दानेही नाराजी दाखवणार नाही. मात्र "बाबा, मला अजून ठरवता येत नाही" असे म्हणायला तू मला इतकी का बिचकतेस? तसे म्हण. जुलै-ऑगस्टपर्यंत काहीही ठरले नाही तरी या घरातले काही अडणार नाही, आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे मी देईन.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या तयारीसाठी सुटी मिळेल तेव्हा चार दिवस घरी ये. तोवर विहीर तळाला गेलेली असेल आणि कडेचे सगळे थर उघडे पडतील. खाली उतरण्याची शिडी मी दुरुस्त करून ठेवली आहे. येताना तुझा हातोडा आणि ती वही घेऊन ये.

आई आशीर्वाद सांगते. तिने भडंग करून ठेवले आहे, शनिवारच्या एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

तुझे बाबा