विमानाच्या मिस्त्रींवर पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात राहून लढलेल्या अमेरिकन फायटर पायलटांवर लेख आला होता, दोनदा वाचला, आवडला. पण मस्टँग हे फायटर विमान आलं आणि बर्लिनपर्यंत जाता आलं एवढं लिहून पुढे गेलात, कसं जाता आलं ते राहिलंच. मी मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं करतो, मला तेच वाचायचं होतं.

ट्रॉलर किती वाव पाण्यापर्यंत जाणार ते शेवटी डिझेलवर असतं, तिथे पण तेच. 14 ऑक्टोबर 1943 ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्यांपैकी 60 बॉम्बर विमानं परत आलीच नाहीत, कारण राखणीला सोबत असलेल्या फायटरांना पेट्रोल पुरत नव्हतं, ती जर्मनीच्या हद्दीजवळून माघारी फिरली आणि पुढे बॉम्बरवाले एकटे. मस्टँगला पायलटच्या सीटमागे जादा टाकी दिली आणि पंखांखाली दोन, त्या लढाईच्या वेळी सोडून द्यायच्या. इंग्लंडात तर ह्या टाक्या कागदाच्या बनवल्या, खरंच कागदाच्या, जाड कागदाचे थर गोंदाने चिकटवून, एकीत 400 लिटरच्या आसपास पेट्रोल! जास्त वेळ भरून ठेवली की पेट्रोलने टाकी सुटायची, म्हणून उड्डाणाच्या थोडं आधीच भरायची. आता हे भरणारे हात कोणाचे?

इंग्लंडातल्या लेस्टनच्या तळावरचा मस्टँगचा अमेरिकन पायलट बड अँडरसन 2024 ला 102 व्या वर्षी वारला. त्याने 116 मोहिमा केल्या, एकदाही अर्ध्यावरून परत फिरला नाही. बर्फात आपलं हिरवं विमान उठून दिसतं असं तो एकदा बोलला, तर मिस्त्रींनी रात्रभर पेट्रोलच्या फडक्यांनी घासून सगळा रंग काढला, सकाळी विमान चांदीसारखं आणि त्यांचे हात सोललेले.

गेल्या सीझनला माझ्याकडून डिझेल फिल्टरचं वॉशर नीट बसलं नाही, इंजिनने हवा धरली, बोट जयगडच्या बाहेर बंद पडली, वर आठ माणसं. दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत मी जेटीवरच उभा होतो. म्हणून ते 116 वाचून मला पायलटाइतकंच त्याच्या मिस्त्रींचं वाटलं.

त्या विमानांवर पायलटच्या नावाजवळ क्रू चीफचं, म्हणजे मुख्य मिस्त्रीचं, नाव पण रंगवलेलं असायचं. पुढच्या लेखात फोटो छापाल तेव्हा ते नाव कापू नका.

आपला एक वाचक,
मिरकरवाडा, रत्नागिरी