घातांकाचे नियम पाठ करायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातवी-आठवीच्या मुलांचे गणित ज्यांना घ्यावे लागते, त्यांनी हे नक्की पाहिले असेल. घातांकाचे सगळे नियम मुलाला तोंडपाठ असतात आणि उदाहरण मात्र चुकते. (२ चा तिसरा घात म्हणजे २ × २ × २; यात २ हा पाया आणि ३ हा घातांक.) 'पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज करावी' हे वाक्य तो न अडखळता म्हणतो आणि लगेच २ चा तिसरा घात गुणिले २ चा चौथा घात याचे उत्तर ४ चा सातवा घात असे लिहितो. घातांकांची बेरीज केलीच, वर पायांचाही गुणाकार करून टाकला! खरे उत्तर १२८ आणि त्याने लिहिलेली संख्या १६,३८४. इतका फरक पडूनही त्याला काही खटकत नाही, कारण वहीतल्या त्या चिन्हांमागे एक संख्या आहे, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आजही संध्याकाळी आसपासची मुले वह्या घेऊन येतात आणि त्यांच्या चुका वर्षानुवर्षे त्याच असतात. ३ चा वर्ग ६. ५ चा शून्य घात ०. घातांक उणे ३ दिसला की २ चे उत्तर उणे ८. २ चा तिसरा घात अधिक २ चा चौथा घात बरोबर २ चा सातवा घात. घरचे म्हणतात, लक्ष नाही. माझे मत वेगळे आहे. यातली बहुतेक उत्तरे मुलाने मन लावून काढलेली असतात. त्याला नियम आठवतो, पण तो कुठून आला हे माहीत नसल्यामुळे तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे त्याला ठरवता येत नाही. गुणाकारात जे चालते ते बेरजेत का चालू नये, याचे उत्तर पाठांतरात नाही.

माझे म्हणणे असे की, नियमांचा तक्ता मुलांना आयता देऊच नये. २ × २ × २ आणि २ × २ × २ × २ हे दोन्ही शेजारी शेजारी लिहायला लावा, मधली गुणाकाराची खूण घाला आणि दोन किती वेळा आला ते मोजायला सांगा. सात वेळा. अशी दहा-बारा उदाहरणे वेगवेगळे पाये घेऊन केली की वर्गातले कोणीतरी स्वतःहून म्हणते, 'बाई, वरच्या अंकांची नुसती बेरीज केली तरी चालते की!' तो नियम मग त्या मुलाचा असतो. भागाकारातही तसेच. वर पाच ३, खाली दोन ३, दोनाला दोन काटले, तीन उरले. बेरजेचे उदाहरण मात्र मुद्दाम मध्येच द्यावे. ८ अधिक १६ म्हणजे २४. १२८ नव्हे. विस्ताराने लिहिले की मुलांना आपोआप दिसते, की मध्ये अधिक चिन्ह आल्यावर ती माळ एक होत नाही.

यासाठी वेळ लागतो, आणि तिथेच खरी अडचण आहे. आपल्या सातवीच्या पुस्तकात घातांकाच्या एकाच प्रकरणात धन घातांक, शून्य घातांक, ऋण घातांक आणि घाताचा घात असे सगळे येते. आठवीत लगेच परिमेय म्हणजे अपूर्णांकी घातांक आणि घनमूळ. शिक्षकाला प्रकरण संपवायचे असते, सहामाही तोंडावर आलेली असते, म्हणून तो फळ्यावर सूत्रे लिहितो आणि सरावसंच घरी करायला देतो. शिष्यवृत्ती परीक्षा बहुपर्यायी असल्याने क्लासमध्ये 'ट्रिक' शिकवल्या जातात. मी शिक्षकांना दोष देत नाही. पण इतिहास पाहा. मिखाएल स्टिफेल या जर्मन गणितीने १५४४ मध्ये वर घातांक ०, १, २, ३ आणि खाली २ चे ते ते घात १, २, ४, ८ अशा दोन ओळी मांडून डावीकडे उणे १, उणे २ खाली एक द्वितीयांश, एक चतुर्थांश लिहिले. पायाच्या डोक्यावर छोटा अंक लिहिण्याची आजची पद्धत फ्रेंच गणिती देकार्तने रूढ केली १६३७ मध्ये, तीही धन घातांकांपुरती. ऋण आणि अपूर्णांकी घातांकांचा नीट अर्थ लावला तो इंग्रज गणिती जॉन वॉलिसने १६५६ मध्ये. युरोपातल्या उत्तमोत्तम गणितींना जे पचवायला शंभरावर वर्षे लागली, ते आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन आठवड्यांत उरकायला सांगतो.

शून्य घाताविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मुले इथेच हरवतात. एका मुलाने मला विचारले होते, 'पाचाला शून्य वेळा गुणले तर काहीच उरायला नको, मग एक कुठून आला?' प्रश्न अगदी रास्त आहे. 'तसा नियम आहे' असे सांगून त्याला गप्प बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला मी आपले एकं, दहं, शतं, सहस्र म्हणायला लावले आणि प्रत्येकासमोर १० चा घातांक लिहायला सांगितला. सहस्रासमोर ३, शतंसमोर २, दहंसमोर १. एक पायरी खाली उतरले की संख्या दहाने भागली जाते आणि घातांक एकाने कमी होतो. मग एकंसमोर काय लिहायचे? शून्याशिवाय दुसरे काही लिहिताच येत नाही, आणि एकं म्हणजे १ हे त्याला पहिलीपासून माहीत आहे. तिथे न थांबता अजून खाली उतरा. दशांशासमोर उणे १, शतांशासमोर उणे २. घातांक ऋण झाला तरी संख्या ऋण होत नाही, ती लहान लहान होत जाते, हे त्याच्या तोंडून निघाले.

हीच शिडी वर चढवता येते. शंभर गुणिले हजार म्हणजे लाख, २ अधिक ३ म्हणजे ५. लाख गुणिले शंभर म्हणजे कोटी, ५ अधिक २ म्हणजे ७. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. परार्ध अठराव्या स्थानावर आहे, तरी तो १० चा सतरावा घात का, हे मुलांना विचारून पाहावे. ज्याला याचे उत्तर देता आले, त्याला शून्य घात कळला.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी. ५ चा शून्य घात १ हे आपण मोजून शोधलेले नाही, ठरवलेले आहे, आणि ठरवण्यामागे कारण आहे. ५ चा तिसरा घात भागिले ५ चा तिसरा घात याचे उत्तर १ येते, आणि घातांकांची वजाबाकी केली तर ३ वजा ३ म्हणजे शून्य येते. दोन्ही वाटांनी एकच उत्तर यावे, म्हणून ५ चा शून्य घात १ मानायचा. घातांक एक द्वितीयांश म्हणजे वर्गमूळ, हेही असेच. घातांक एक द्वितीयांश असलेल्या संख्येला तिनेच गुणले तर अर्धा अधिक अर्धा म्हणजे घातांक १ व्हायला हवा, आणि असे गुणाकारात वागते ते वर्गमूळच. आठवीच्या मुलाला हा विचार झेपतो. गणितात व्याख्या अशा का केल्या जातात, हे त्याला प्रथमच इथे कळू शकते, आणि ही संधी आपण तक्त्यातल्या एका ओळीत संपवून टाकतो.

'पुढे याचा उपयोग काय' असे पालक विचारतात. घरावरची पाण्याची टाकी घ्या. एक मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, म्हणजे १० चा वर्ग. मग एक घनमीटरमध्ये किती घनसेंटीमीटर? बरीच मुले शंभर म्हणतात. १० च्या वर्गाचा घन करायचा, म्हणजे १० चा सहावा घात, दहा लाख. लिटरमध्ये १० चा तिसरा घात इतके घनसेंटीमीटर असतात, भागले की १० चा तिसरा घात उरतो. एक मीटर लांब, रुंद आणि उंच टाकीत हजार लिटर पाणी मावते. घाताचा घात आणि भागाकार, दोन्ही नियम त्यात आले.

दहावीच्या विज्ञानात हे कच्चेपण फार महागात पडते. गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचे त्वरण, काढताना मुलापुढे गुरुत्वस्थिरांक ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात, पृथ्वीचे वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात आणि भागायला पृथ्वीची त्रिज्या ६.४ गुणिले १० चा सहावा घात हिचा वर्ग, असे येते. ज्याला घातांक समजले आहेत तो उणे ११ अधिक २४ वजा १२ बरोबर १ असे बाजूला लिहितो आणि उरलेले साधे गुणाकार-भागाकार करून ९.७७ ला पोचतो. दुसरा मुलगा वर्ग करताना घातांक ६ चा १२ न करता ३६ करून बसतो, कारण 'वर्ग आला' एवढेच त्याच्या ध्यानात असते. मग तो म्हणतो, मला विज्ञान जमत नाही. त्याचे विज्ञान बरे असते. सातवीतले एक प्रकरण कच्चे राहिलेले असते. असे म्हणून शास्त्र शाखेचा नाद सोडलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पाठ्यपुस्तके बदलत आहेत, पहिलीपासून २०२५-२६ मध्ये सुरुवातही झाली. सातवी-आठवीची पुस्तके करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, सातवीत फक्त धन घातांक ठेवावेत आणि त्यांना भरपूर तास द्यावेत. शून्य आणि ऋण घातांक आठवीत यावेत, दशांश अपूर्णांकांशी जोडून. परिमेय घातांक नववीत करणीबरोबर, म्हणजे पूर्ण न निघणाऱ्या मुळांबरोबर, घेतले तर काही बिघडत नाही. आणि प्रश्नपत्रिकेत एखादा प्रश्न असा यावा की तो पाठांतराने सुटणारच नाही. उदाहरणार्थ, २ चा पाचवा घात अधिक २ चा पाचवा घात म्हणजे २ चा कितवा घात? उत्तर सहावा, पण ते घातांकांच्या बेरजेने येत नाही. ३२ आणि ३२ मिळून ६४ हे पाहावे लागते, किंवा एकच संख्या दोनदा घेतली म्हणजे तिला दोनाने गुणले, हे ओळखावे लागते.

पुस्तके बदलायला वेळ लागेल. तोवर सातवीच्या शिक्षकांनी या प्रकरणाचे पहिले चार तास सूत्रांचा तक्ता फळ्यावर लिहू नये आणि मुलांकडून नुसते गुणाकार विस्ताराने लिहून घ्यावेत. त्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
कराड, जि. सातारा