ईस्टरच्या संध्याकाळचा हुकलेला तास : तक्रार पत्र

दिनांक : ३ एप्रिल २०२४
वसई

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ईस्टरच्या खास योजनेत चुकीची वेळ, चुकीचं रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमात घुसवलेली जाहिरात

महोदय,

तुमच्या इंटरनेट रेडिओ अ‍ॅपची मी दोन वर्षांपासूनची वर्गणीदार आहे. यंदा गुड फ्रायडे ते ईस्टर अशा तीन दिवसांसाठी तुम्ही काढलेल्या खास योजनेचे ४९९ रुपये मी वेगळे भरले. युरोपातल्या केंद्रांवरचं शास्त्रीय संगीत आणि कलाविषयक कार्यक्रम, भारतीय वेळेनुसार वेळापत्रक, आपोआप रेकॉर्डिंग आणि जाहिरातमुक्त प्रक्षेपण, एवढ्यासाठी ते पैसे होते. कार्यक्रम लागले. बाकीच्या तिन्ही गोष्टींत तुम्ही आमची निराशा केलीत.

रविवारी, ३१ मार्चला, एका जर्मन केंद्रावर दिवसभर ईस्टरचेच कार्यक्रम होते. त्यात जर्मन संगीतकार बाखचा ईस्टर ओरॅटोरिओ, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठी रचलेली ईस्टरची संगीतकथा होती आणि तुमच्या वेळापत्रकात त्याची वेळ संध्याकाळी साडेसहाची होती. तो ऐकायला आमच्या चर्चच्या क्वायरमधले आम्ही चौदा जण माझ्या घरी जमलो होतो. आमचे मास्तर नोव्हेंबरमध्ये वारले. चार आवाजांत गायचं म्हणजे काय, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे या ओरॅटोरिओची एक कॅसेट होती. ती इतक्या वेळा तुटली आणि चिकटवली गेली की दुसरी बाजू वाजेनाशीच झाली, आणि येशूचा शिष्य पेत्र याचं गाणं होतं नेमकं त्या बाजूला.

ते गाणं काय आहे, हे सांगितल्याशिवाय आमचं काय गेलं ते तुम्हाला कळायचं नाही. हा ओरॅटोरिओ १ एप्रिल १७२५ रोजी, ईस्टरच्याच दिवशी, लाइपझिगमध्ये पहिल्यांदा सादर झाला. बाखच्या पॅशनमध्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या संगीतकथेत, शुभवर्तमान सांगणारा निवेदक असतो, तसा इथे नाही. तीन ट्रम्पेट आणि नगाऱ्यांचा जल्लोष होतो, मग ओबो या फुंकवाद्याचा एक संथ, रडवेला सूर, आणि लगेच पेत्र आणि दुसरा शिष्य योहान येशूच्या कबरीकडे धावत सुटतात. कबर रिकामी असते. येशूच्या डोक्याला बांधलेला रुमाल तेवढा मागे राहिलेला असतो. त्या रुमालाकडे बघून पेत्र गातो, की आता माझं मरण म्हणजे नुसती एक डुलकी, हा रुमालच माझ्या गालांवरची आसवं पुसेल. सोबतीला दोन रेकॉर्डर बासऱ्या आणि अगदी मंद ठेवलेली व्हायोलिनं. मी मुंबईला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले आहे. म्हणून या गाण्याचा मराठी अर्थ लिहून मी त्याच्या चौदा प्रती काढून ठेवल्या होत्या.

साडेसहाला रेडिओ लावला तर एक गृहस्थ पुनरुत्थानाच्या चित्रांबद्दल बोलत होते. प्रस्तावना असेल, असं वाटून आम्ही गप्प ऐकत राहिलो. सातव्या-आठव्या मिनिटाला ते म्हणाले, मघाशी आपण ओरॅटोरिओत ऐकलं त्याप्रमाणे. मघाशी! खोलीत जर्मन समजणारी मी एकटी. हातात कागद धरून बसलेल्या तेरा माणसांना ते मलाच सांगावं लागलं. मास्तरांच्या पत्नींनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, असू दे गं, चहा ठेव.

नंतर फोन पाहिला तर म्युनिकला राहणाऱ्या माझ्या भाचीचा संदेश येऊन पडला होता: ट्रम्पेट ऐकलेस का? वेळ ५ वाजून ३४ मिनिटं. कार्यक्रम साडेपाचलाच सुरू झाला होता. ओरॅटोरिओ साधारण चाळीस मिनिटांचा, म्हणजे आम्ही बसलो तोवर तो कधीच संपला होता.

सोमवारी तुमच्या कस्टमर केअरने मला फोनचं घड्याळ तपासायला सांगितलं. माझ्या घड्याळाला काहीही झालेलं नाही. जर्मनीची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता तिथली घड्याळं एकदम तीनवर नेतात. यंदा तो रविवार आणि ईस्टर एकाच दिवशी आले. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले साडेपाच झाले, तुम्ही मात्र साडेचार तासांचाच हिशोब धरून साडेसहा दाखवलेत. शुक्रवारी तिथे दुपारी तीनला लागलेला कार्यक्रम इथे बरोबर साडेसातला लागला होता, कारण तोवर घड्याळं बदललेली नव्हती. याहून वेगळा पुरावा कशाला हवा? रेकॉर्डिंगही त्याच वेळापत्रकावर चालतं, त्यामुळे माझ्याकडे आज ओरॅटोरिओच्या नावाखाली ते चित्रांवरचं भाषण जपून ठेवलेलं आहे. भाषण चांगलं आहे. पण आमचे चौदा जण त्यासाठी जमले नव्हते.

शुक्रवारची गोष्ट याहून गंभीर आहे. बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशनमध्ये येशूच्या प्रत्येक बोलण्याभोवती तंतुवाद्यांचं वलय असतं. क्रुसावरच्या ‘एली, एली’ (माझ्या देवा, माझ्या देवा) या शेवटच्या आक्रोशाला मात्र ती वाद्यं थांबतात, तो एकटा पडतो. मग त्याने प्राण सोडला, एवढं निवेदक सांगतो आणि सगळं शांत होतं. त्या दिवशी गायकवृंदाने ती शांतता बराच वेळ धरली होती. आम्ही चर्चमध्ये या वाक्याला गुडघे टेकतो. तुमच्या अ‍ॅपला ते मध्यंतर वाटलं आणि तिथे कर्जाची जाहिरात वाजली. जाहिरात संपली तेव्हा पुढचं स्तोत्र अर्धं होऊन गेलं होतं. भाचीने तेच प्रक्षेपण केंद्राच्या संकेतस्थळावर ऐकलं, तिथे जाहिरात नव्हती. म्हणजे ती तुमच्याकडूनच आली. आवाज थांबला की जाहिरात सोडायची, असं काही तुमच्या यंत्रणेत असेल तर ते ताबडतोब काढा. या संगीतात शांतताही लिहिलेली असते.

माझ्या मागण्या अशा. ४९९ रुपये परत करावेत. त्या केंद्राकडे रविवारच्या ओरॅटोरिओचं ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी उपलब्ध असेल, तर त्याचा दुवा मुदत संपायच्या आत मला पाठवावा. २७ ऑक्टोबरला तिथली घड्याळं पुन्हा एक तास मागे जातील, त्याआधी वेळापत्रक दुरुस्त झाल्याचं लेखी कळवावं. पुढचा ईस्टर २० एप्रिल २०२५ ला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे.

पैसे भरल्याची पावती, वेळापत्रकाचं छायाचित्र आणि भाचीचा संदेश सोबत जोडला आहे. ध्वनिमुद्रण मिळालं तर तेवढं लवकर पाठवा. मास्तरांच्या पत्नींनी तो कागद अजून जपून ठेवला आहे.

आपली,
एक वर्गणीदार, वसई