बटाडच्या खाचरांवरून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कबूल केल्याप्रमाणे बटाडहून लिहितो आहे. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तरेस, इफुगाव प्रांताच्या डोंगरांत हे गाव आहे. गाडीरस्ता गावाच्या वरच संपतो. तिथून पायी उतरू लागले की एकावर एक चढत गेलेल्या दगडी बांधांची भातखाचरे समोर उभी राहतात आणि त्यांच्या तळाशी घरे दिसतात. युनेस्कोने १९९५ मध्ये इफुगावातले जे पाच खाचरसमूह जागतिक वारसा म्हणून नोंदले, त्यांत बटाड आहे.

ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत, असे इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते आणि मीही तुला तेच ऐकवणार होतो. परंतु स्टीफन अकाबादो या पुरातत्त्वज्ञाने किआंगान भागातल्या एका जुन्या गावठाणात केलेल्या उत्खननातून असे दिसते की, इथे आधी अळूची लागवड होत असे आणि भाताची खाचरे सुमारे चारशे वर्षांपूर्वी, म्हणजे स्पॅनिश सत्ता लुझॉनमध्ये पसरू लागल्यानंतर, झपाट्याने वाढली. त्या सत्तेच्या कचाट्यातून निसटून सखल मुलुखातली माणसे डोंगरात आली, असे त्यांचे म्हणणे आहे. वय कमी झाले म्हणून काहींना वाईट वाटते. मला मात्र परक्या राज्याला हुलकावणी देत थोड्याच पिढ्यांत डोंगर बांधून काढणारे लोक अधिक थोर वाटतात.

खाचरांचे पाणी माथ्यावरच्या 'मुयोंग'मधून येते. मुयोंग म्हणजे एकेका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले रान. ते तुटले की खालचे पाट आटतात. 'तिनावोन' हे इथले जुने भात वर्षातून एकदाच पिकते. लावणी-कापणीला घरे एकमेकांकडे राबतात, त्याला 'उब्बू' म्हणतात. आपल्याकडची सावडच ती. कापणीच्या वेळी आणि प्रेताजवळ रात्र जागवताना बायका 'हुदहुद' ही दीर्घ गाणी गातात. एक जाणती बाई कथा पुढे नेते आणि बाकीच्या तिला साथ देतात.

हे सारे सुरळीत चालले आहे, असे मात्र समजू नकोस. तरुण मुले शहरांकडे गेली, बांध ढासळले आणि २००१ मध्ये हा वारसा धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेला. त्यातून तो २०१२ मध्ये बाहेर आला. माझ्या यजमानीणबाई मात्र मुलांपेक्षा बांध पोखरणाऱ्या गांडुळांवर जास्त चिडलेल्या असतात!

उद्या त्यांच्या खाचराचा पडलेला बांध रचायला शेजारची चार घरे येणार आहेत आणि दगड वाहायला मलाही बोलावले आहे. मी गेलो तर या श्रमांची फेड कुणी आणि कुठे करायची, असे बाईंनी हसत विचारले. मी त्यांना तुझ्या शेताचा पत्ता दिला आहे.

तुझाच,
स्नेहांकित