शटरमागची खिडकी

लातूर,
वैशाखातली सकाळ

चि. स्वाती हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू विचारलंस, "अण्णा, बाहेर शटर आणि आत सरकती खिडकी असेल तर चोर आवाज न करता आत येऊ शकतो का?" मी "नाही गं, झोप निवांत" म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर मलाच झोप लागेना. तीस वर्षं शटर आणि खिडक्या बनवून पोट भरतोय. गिऱ्हाईकानं असं विचारलं असतं तर आधी फोटो मागितला असता, माप घेतलं असतं. लेकीला मात्र न बघताच धीर देऊन बसलो. ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

खरं उत्तर असं, की येऊ शकतो. अगदी बिनआवाजी नाही, पण तुला जाग येणार नाही एवढ्या कमी आवाजात येऊ शकतो. काल रात्री मी ते स्वतः करून बघितलं.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तुझ्या आईला खाट टाकून दिली, तुझ्याकडं चालतो तसा कूलर लावला आणि बाहेर जाऊन पुढचं शटर उचलायला घेतलं. शटर वर जायला लागलं की खालच्या पट्ट्या सैल पडतात, वरून स्प्रिंग ओढून घेते आणि प्रत्येक सांधा टक् करून वाजतो. झटक्यात उचललं तर गल्लीभर कडकडाट होतो. मी मुद्दाम वीतभर उचललं, थांबलो, पुन्हा वीतभर उचललं. गाईडला, म्हणजे शटर ज्या बाजूच्या खाचांतून सरकतं त्यांना, गेल्याच आठवड्यात ग्रीस मारलेलं होतं. शटर दीड फूट वर आलं, मी वाकून आत गेलो, खाटेपाशी उभा राहिलो, तेव्हा कुठं आईनं दचकून बघितलं. ती झोपलेली नव्हती, कान देऊन पडली होती. मग कूलर बंद करून तेच पुन्हा केलं, तर दुसऱ्याच वितीला आतून आवाज आला, "कोण आहे?" तिसऱ्यांदा शेजारच्या गाळ्याचं शटर घेतलं, मालकाला विचारूनच. त्याला वर्षभर तेलाचा थेंब लागलेला नाही. ते एवढं करकरलं की कूलर चालू असूनही आईनं ऐकलं.

म्हणजे घात करतो तो कूलर. आपल्याकडं मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्याच्याशिवाय डोळा लागत नाही, ते मला कळतं. चाळीसच्या वर पारा गेल्यावर बंद कर म्हणणारा बाप मी नाही. पण त्याच्या घरघरीत कानावर विसंबता येत नाही एवढं मनात ठेव. आणि एक विचारायचं राहिलं, कूलर तू कुठं ठेवलास? त्याच खिडकीत पल्ला अर्धा सरकवून बसवला असशील तर मी पुढं लिहिलेलं सगळं वाया आहे, कारण तसा ठेवलेला पल्ला लॉकच होत नाही. कूलर त्या खिडकीतून काढ. मागच्या बाल्कनीच्या गजाच्या खिडकीत लाव, हवा तिथूनही येईल.

आता तुझी खिडकी. तू सांगितलंस त्यावरून घरमालकानं बंगल्याच्या पुढच्या दुकानाची खोली केली आहे. शटर दुकानाचंच ठेवलं, त्याच्या आत अॅल्युमिनियमची खिडकी बसवली, आणि शटर आहेच म्हणून ग्रिल टाळलं. असं बरेच जण करतात. दुकानाचं शटर रिकाम्या दुकानासाठी असतं. रात्री त्यामागं कुणी झोपणार नाही असं धरून त्याचं कुलूप बाहेरच्या अंगाला दिलेलं असतं. बातमीत "शटर उचकटून चोरी" असं तू वाचतेस, ते याच कारणानं. खालच्या पाटीला मधोमध एकच कुलूप असेल तर दोन्ही कोपरे मोकळे राहतात. पट्टीचा पत्रा पातळ असला, रुंदी जास्त असली आणि गाईडची खोली कमी असली, की मधून दाबल्यावर पट्टी कमानीसारखी वाकते आणि तिचं टोक गाईडमधून निसटतं. पत्रा ओळखताना फसू नकोस, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १८ गेज जाड, २० त्याहून पातळ. तुला मोजता येणार नाही, पण दिवसा शटर खाली ओढून मधोमध तळहातानं दाबून बघ. पत्र्याच्या डब्यासारखं आत-बाहेर होत असेल तर मला कळव.

आतल्या खिडकीबद्दल लोक सगळ्यात जास्त गाफील असतात. आमच्या धंद्यात सरकत्या काचेच्या चौकटीलाही शटरच म्हणतात, तुझा गोंधळ नको म्हणून मी पल्ला म्हणतो. पल्ला चौकटीत बसवतात कसा, हे तू लहानपणी वर्कशॉपमध्ये शंभरदा बघितलं आहेस. आधी वरच्या खाचेत घालायचा, वर ढकलायचा, मग खालच्या रुळावर सोडायचा. तसा बसावा म्हणून वरच्या खाचेत जागा मोकळी ठेवावीच लागते. आता विचार कर, जो वर उचलून बसतो तो वर उचलून निघतोही. लॉक लावलेलं असलं तरी कित्येकदा उचलताना त्याची जीभ सुटते. काच फुटत नाही, काही तुटत नाही, आवाज जवळपास नसतोच. तू मला आवाजाचं विचारलंस ना, तर आवाज शटरचा होतो. एकदा शटर वर गेलं की ही खिडकी मुकी आहे.

बघायची रीत सोपी आहे. खिडकी बंद कर, लॉक लाव, दोन्ही तळवे पल्ल्याला लावून तो सरळ वर उचल. खालची बेअरिंग, म्हणजे पल्ल्याची चाकं, रुळाच्या वर आलेली दिसली तर तोच खेळ बाहेरून कुणालाही जमेल. दोन्ही पल्ले बघ. बाहेरच्या रुळावरचा तर नक्कीच बघ, तो बाहेरच्या माणसाच्या हाताशी असतो.

याला उपाय खर्चाचा नाही. पल्ला बंद असताना त्याच्या वर जी फट उरते तिच्यात पट्टीचा तुकडा स्क्रूनं बसवायचा, म्हणजे पल्ला सरकतो पण उचलला जात नाही. दुसरा उपाय, दोन पल्ले मधे जिथं एकमेकांवर येतात तिथं वरच्या बाजूला आतून भोक पाडून लोखंडी पिन घालायची. पिन आतल्या पल्ल्यातून आरपार जाऊन बाहेरच्यात रुतते, दोन्ही एकत्र जखडले जातात. रुळात दांडकं टाकतात, तेही चांगलं, पण ते ज्या रुळात आहे तेवढाच पल्ला अडवतं, दुसरा मोकळाच. मला पिन जास्त भरवशाची वाटते. पण तू ड्रिल हातात घेऊ नकोस. काच चौकटीच्या आत खाचेत बसलेली असते, भोक अर्धा इंच चुकलं तर तडकते. ते मी येऊन करतो.

ग्रिलबद्दल मात्र थोडं सबुरीनं वाच.

माझी आजी औसा तालुक्यातल्या ज्या घरात राहिली त्याला रस्त्याच्या बाजूला खिडकीच नव्हती. माळवदाचं घर, दोन-दोन हात रुंद भिंती, उजेडाला वर सवणं, दाराला आतून अडसर, आणि रात्री दारामागं पितळी भांड्यांची उतरंड. कुणी दार ढकललं तर आधी भांडी वाजावीत म्हणून. त्या काळी घरफोडी म्हणजे खरंच घर फोडावं लागायचं, भिंतीला भगदाड पाडून. आजीच्या लेखी ते घर म्हणजे किल्ला होता.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, ते तुला पाठ आहे. मी तेव्हा वेल्डिंग शिकत होतो. पुढं पत्र्याच्या शेड उभारायला आम्हा पोरांना किल्लारीकडं नेलं होतं. चोराला आत येता येऊ नये म्हणून बांधलेल्या त्या जाड भिंती आणि एकच दार, त्यातून माणसांना बाहेर पडता आलं नव्हतं. एका ढिगाऱ्यात मला दाराची चौकट दिसली. अडसर तसाच आडवा, आपल्या खोबणीत. ती चौकट माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. त्यानंतर मी जेवढ्या खिडक्यांना ग्रिल केलं त्यात एक भाग उघडणारा ठेवला. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ठेवला. काही कामं त्यापायी गेली, तीही जाऊ दिली.

तुझ्या खिडकीलाही तसंच करतो. दहा मिलिमीटरचा चौकोनी बार, दोन बारांत चार इंच अंतर, आणि डावीकडं दीड बाय दोन फुटांची उघडणारी झडप, आतून कुलूप असलेली. किल्ली खिळ्याला, तुझ्या उशापासून हात पोचेल अशी, पण खिडकीतून कुणाचा हात पोचणार नाही एवढी लांब. खोलीला दार एकच आहे म्हणालीस. शॉर्ट सर्किट दाराच्या बाजूला झालं तर तुला हीच वाट. महिन्यातून एकदा अंधारात ते कुलूप उघडून बघ. अंधारात म्हणतोय, दिवा लावून नाही.

ऑफिसमधल्या मैत्रिणीनं सांगितलेलं गुंगीच्या औषधाचं भूत डोक्यातून काढ. खिडकीतून फवारा मारला आणि घरदार बेशुद्ध झालं, असं होत नसतं. क्लोरोफॉर्मनं माणूस निजवायचा तर तो नाकाशी धरून काही मिनिटं हुंगवावा लागतो, उघड्या खोलीच्या हवेत त्याचा जोर राहत नाही. लोकांना कळलं नाही याचं कारण बहुतेक वेळा गाढ झोप आणि कूलरच.

"काही तोडलंच नाही तर पोलीस घरफोडी धरतील का" हेही तू विचारलं होतंस. धरतील. कायद्यात भिंतीला भोक पाडणं आणि खिडकीतून शिरणं, दोन्ही घरफोडीच. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३३१मध्ये रात्री चोरीसाठी केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या बातम्यांत भारतीय दंड संहितेचं कलम ४५७ लिहायचे, ते हेच. तेव्हा असं काही झालंच तर वस्तूला हात लावू नकोस, पल्ला सरळ करायला जाऊ नकोस, ११२ लाव.

आणि कुणी आत असल्याची चाहूल लागली तर पुढं जायचं नाही. दिवा लाव, आरडाओरडा कर, बाथरूममध्ये जाऊन कडी घाल, फोन लाव. आईचे झुमके तुझ्याकडं आहेत म्हणून तिचा जीव अडकलाय, पण तीच म्हणाली की लिहा तिला, झुमके गेले तर गेले.

शनिवारी गावी येतेस तेव्हा बाहेरून शटरला मोठं कुलूप घालून येतेस, ते मला फार खटकतं. रस्त्यावरून दिसणारं कुलूप घर रिकामं असल्याची पाटी लावल्यासारखं आहे. दोन्ही कोपऱ्यांना आतून लागणाऱ्या कड्या बसवून देतो, मग रोजही त्याच लावायच्या. तोवर शटरला तेल घालू नकोस. करकरू दे. आल्यावर स्प्रिंगच्या बेअरिंगला मी ग्रीस देईन, नाहीतर एक दिवस ती तुटेल. गाईड मात्र कोरडेच ठेवू.

एक वस्तू सोबत आणतोय. आजोबांच्या सर्जा-राजाची पोळ्याची घुंगरमाळ. बैल विकल्यापासून ती खुंटीला पडून होती, काल आईनं चिंचेनं घासून लखलखीत केली. शटरच्या खालच्या पाटीला आतून बांधू. शटर बोटभर हललं तरी ती वाजते. काल कूलर लावून बघितलं, आई दोन्ही वेळेला उठून बसली. वारं सुटलं की उगाच वाजेल, पण वाऱ्याचं वाजणं आणि उचलल्याचं वाजणं दोन दिवसांत तुला ओळखू येईल.

रविवारी टेम्पो घेऊन येतो, अंबाजोगाई-बीडवरून, दुपारपर्यंत पोचेन. त्याआधी एवढं कर. खिडकीच्या चौकटीची रुंदी आतल्या बाजूनं तीन ठिकाणी घे, वर, मधे आणि खाली. उंचीही तशीच, डावी, मधली, उजवी. सहाही आकडे मिलिमीटरमध्ये लिहून आज रात्रीच पाठव. भिंत जुनी आहे, आकडे सारखे येणार नाहीत. सगळ्यात लहान आकडा धरून मी ग्रिल कापेन.

तुझे,
अण्णा